गावची माणसे किती?

चि. सई, अनेक आशीर्वाद.

शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या गावची माहिती काढताना तू काल विचारलेस, की गणपतीत वाडीत माणूस मावत नव्हता, मग जनगणनेत गाव एवढे लहान कसे, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त कशा? जेवता जेवता दिलेले उत्तर मलाच पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे शिमग्याच्या आधी, आपला चाकरमानी मुंबईत कामावर असतो त्या दिवसांत. त्या मोजणीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण ९२९ होते. कोकणात मुलीच अधिक जन्मतात असे मात्र यावरून समजू नकोस, कारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत तिथेही मुलगेच जास्त आहेत. पुढे ते मुलगे मोठे होतात आणि रात्रीच्या गाडीत बसतात. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. राज्य वाढत असताना आपला जिल्हा आटला. त्यानंतर नवी मोजणी झालेली नसल्यामुळे तुझ्या वहीत हेच जुने आकडे येतील.

गाव स्वतःची मोजणी निराळ्या रीतीने करते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तेव्हा वर्षभर कुलूप असलेले घरही उघडून, अंगण सारवून तयार ठेवतात, आणि ज्या अंगणात पालखी थांबते ते घर गावचे. मंडळाच्या वर्गणीच्या यादीत माझे नाव आजही गावकरी म्हणूनच आहे. परदेशात राहतो म्हणून वर्गणी थोडी जास्त घेतात, एवढाच फरक. ‘आमचे गाव’ असे आपण म्हणतो ते या हिशेबाने.

आता जनगणनेच्या गावच्या माहितीतला वाहतुकीचा तक्ता. त्यात रेल्वे स्थानकापुढे ‘१० किलोमीटरहून अधिक’ असे लिहिले आहे. ते खोटे नाही, पण गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावाला जवळचे मोठे स्थानक चिपळूण, आणि तिथून घाट उतरून यायला किती वेळ लागतो हे तुझ्या पोटाला चांगले ठाऊक आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी तुझे आजोबा एसटीने रात्रभर प्रवास करीत, आणि त्यांचे वडील तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने दाभोळला येऊन पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला लागत. दाभोळ आणि आपल्या बाजूचे धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. पलीकडची घरे डोळ्यांना दिसतात, पण रस्त्याने जायचे तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. म्हणून तिथे मोटारीसकट माणसे नेणारी फेरीबोट चालते, जिच्यावर तू दोनदा हट्टाने बसलीस.

‘पक्का रस्ता : आहे’ आणि ‘बससेवा : आहे’ या दोन ओळी मला सर्वांत अपुऱ्या वाटतात. रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर थांबतो, आणि तिथून वाडीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते, आणि आजारी माणसाला डोलीत घालूनच वर आणावे लागते. बस म्हणजे आपली वस्तीची गाडी. ती संध्याकाळी येते, चालक आणि वाहक गावातच झोपतात, आणि पहाटे ती तालुक्याला परत निघते. माझ्या लहानपणी ती चुकली तर बाजार, दवाखाना आणि परीक्षा, तिन्ही चुकत.

तेव्हा प्रकल्पात जनगणनेचा आकडा लिहिच, पण त्याच्या शेजारी एक रकाना मोकळा ठेव. रविवारी आजीला फोन करून विचार, की यंदा शिमग्यात किती घरे उघडली होती आणि वस्तीची गाडी अजून रोज येते का, आणि ती सांगेल ते तिथे लिही.

तुझा,
बाबा