मैदान नाही, पण लॅब कशी आहे?

भांडुपच्या एका आईंचं पत्र आहे. मुलीला उपनगरातल्या छोट्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळतोय. चार मजली इमारत, त्यातच संस्थेची शाळा, मैदान नाही. मोठ्या कॉलेजात फक्त बॉटनी मिळतंय. कुठे घ्यावं?

ताई, मैदानावरून निवड करायची तर मुंबईतली निम्मी कॉलेजं बाद होतील. तिला केमिस्ट्रीच हवी असेल, तर लॅब बघून ठरवा. माहितीपत्रकातले फोटो उपयोगाचे नाहीत. फी भरण्याआधी प्रॅक्टिकलच्या वेळेत दोघी जाऊन या.

आधी डेसिकेटर, म्हणजे रसायनं कोरडी ठेवायचं झाकणाचं काचेचं भांडं, बघा. तळातले सिलिका जेलचे दाणे निळे हवेत. गुलाबी दिसले तर ते ओलावा पिऊन बसलेत, आणि ओव्हनमध्ये तापवून ते पुन्हा निळे करायची तसदी कोणी घेतलेली नाही. काही ठिकाणी केशरी जेल असतं, ते हिरवं पडतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम वरचेवर करावं लागतं, त्यामुळे लॅब असिस्टंट किती दक्ष आहे ते इथेच कळतं.

चार दशांश स्थळं दाखवणारा वजनकाटा पक्क्या दगडी ओट्यावर, पंख्यापासून लांब हवा. नाहीतर आकडा स्थिर होत नाही. वीस मुलांच्या बॅचला असे दोनच काटे असतील तर तीन तासांतला पाऊण तास रांगेत जातो. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं काचेचं कपाट, चालू करायला सांगा, काच वीतभर उघडी ठेवून टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्या हूडचं बाटल्या ठेवायचं कपाट झालेलं असतं!

शाळा त्याच इमारतीत असल्याने खरा प्रश्न पाण्याचा. दोघांची टाकी एकच असेल आणि लॅब वरच्या मजल्यावर, तर दुपारी नळाची धार बारीक होते, वाफ थंड करणारी काचेची नळी, म्हणजे कंडेन्सर, थंड राहत नाही आणि डिस्टिलेशन (ऊर्ध्वपातन) अर्ध्यावर सोडावं लागतं. लॅबला वेगळी टाकी आहे का, हे ऑफिसात नको, लॅबमधल्या शिपायाला विचारा. लॅबला बाहेर पडायला दोन दारं आहेत ना, तेही बघून घ्या. एक दार कपाट लावून बंद केलेलं नसावं.

लायब्ररीत एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणाऱ्या सेवेचं, लॉगिन मुलांना मिळतं का, एवढं विचारलंत तरी पुरे. कॉलेजला नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन असेल तर वेबसाइटवर एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल दिलेला अहवाल, असतो. त्यातला चौथा निकष सोयीसुविधांचा. तिथले दावे आणि डोळ्यांनी दिसलेलं ताडून बघा.

मुलीला टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) मुलींशी एकटीला बोलू द्या. गेल्या सेमिस्टरला किती प्रॅक्टिकल रद्द झाली, एका ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीवर) किती जणी असतात, हे त्या खरं सांगतील. गुलाबी जेल एकवेळ चालवून घ्या. पण तीस जणांची बॅच आणि दुपारी कोरडे नळ असतील तर तिथे फी भरू नका. पुढच्या मेरिट लिस्टपर्यंत आणखी दोन-तीन कॉलेजांत केमिस्ट्रीसाठीच प्रयत्न करा.