ब्राउझरमध्ये चालतं, अ‍ॅपमध्ये का नाही?

प्रश्न : अँड्रॉइड अ‍ॅप शिकते आहे. अ‍ॅपला माहिती पुरवणारा एपीआयचा सर्व्हर माझ्याच लॅपटॉपवर आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ८०८० उघडलं की जेसन (सर्व्हरने मजकुराच्या रूपात पाठवलेली माहिती) नीट येतं. इम्युलेटरवर (लॅपटॉपवरच्या नकली फोनवर) चालवलेल्या अ‍ॅपमध्ये मात्र ‘काहीतरी चुकलं’ एवढंच. कोणीतरी सांगितलं म्हणून मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) साध्या, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या, एचटीटीपीला परवानगी दिली. काही फरक पडला नाही, म्हणून ती ओळ काढून टाकली. सोबत कोड पाठवते आहे.

उत्तर : ती ओळ परत घाला. फरक पडला होता, तुम्हाला तो दिसला नाही.

तुमच्या एरर पकडणाऱ्या कॅच ब्लॉकमध्ये एरर कोणतीही येवो, पडद्यावर ‘काहीतरी चुकलं’ हेच उमटतं आणि मूळ एरर तिथेच गडप होते. आधी ती लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइड स्टुडिओच्या नोंदींच्या खिडकीत) छापा. मी नवीन प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आधी हेच करतो, कारण अशा एका संदेशामागे माझे पूर्ण दोन दिवस गेले आहेत.

तुमच्याकडे दोन अडचणी एकामागे एक उभ्या आहेत. पहिली, २०१८च्या अँड्रॉइड ९पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. लॉगमध्ये ‘क्लिअरटेक्स्ट’ हा शब्द दिसेल. परवानगी दिलीत की ही अडचण जाते आणि दुसरी पुढे येते : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. इम्युलेटर लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत असला तरी नेटवर्कच्या दृष्टीने ते वेगळं यंत्र आहे. तो स्वतःचंच ८०८० ठोठावतो, आणि तिथे ऐकायला कोणी नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या इम्युलेटरमधून लॅपटॉप गाठायचा पत्ता १०.०.२.२ आहे. लोकलहोस्टच्या जागी तो टाका.

खऱ्या फोनवर हा पत्ता चालणार नाही. तिथे लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी द्या, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि सर्व्हर ०.०.०.० वर (म्हणजे बाहेरच्यांचंही ऐकेल असा) चालवा, १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवरच, ठेवलात तर तो बाहेरच्या कोणाचंच ऐकत नाही. एवढं करूनही ‘रिफ्यूज्ड’ आलं तर सर्व्हरकडे पाहा. बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ आलं तर बहुधा लॅपटॉपचा फायरवॉल आडवा येतो आहे.

एचटीटीपीची ती परवानगी फक्त डीबग बिल्डमध्ये (स्वतःच्या चाचणीच्या आवृत्तीत) ठेवा. लोकांच्या हातात जाणारं अ‍ॅप एचटीटीपीएसवरच (एन्क्रिप्ट केलेल्या एचटीटीपीवरच) बोललं पाहिजे, कारण लॉगिनचा पासवर्ड त्याच वाटेने जातो.