वाचक विचारतात : मोठ्या क्लबचे बोलावणे

प्रश्न : शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना संपवून परतताना आमच्या कट्ट्यावर हा वाद हमखास निघतो. डेव्हिड मॉयेस यांनी मॅनेजर म्हणून एव्हर्टनसारखा छोटा, बेताच्या पैशांचा क्लब अकरा वर्षे उत्तम चालवला. मग मँचेस्टर युनायटेडमध्ये दहा महिन्यांतच त्यांच्यावर गाशा गुंडाळायची वेळ का आली? निम्मे लोक म्हणतात माणूसच कमी पडला, निम्मे म्हणतात संघच म्हातारा झाला होता. आपले मत काय?
(एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आधी एक खुलासा करतो, नाहीतर लिव्हरपूल शहरातली निम्मी वस्ती आमच्यावर रागावेल. एव्हर्टन हा १८७८ साली स्थापन झालेला आणि इंग्लंडचे अजिंक्यपद नऊ वेळा मिळवलेला क्लब आहे; मात्र त्यातले शेवटचे अजिंक्यपद १९८७ चे. त्यामुळे ‘छोटा’ हा शब्द त्याच्या तिजोरीपुरताच घ्यावा. मार्च २००२ मध्ये मॉयेस तिथे रुजू झाले आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत, रस्त्यात भेटणारी माणसे ज्याची चाहती आहेत तो हा ‘लोकांचा क्लब’ आहे, असे बोलून त्यांनी गाव जिंकले. पुढे २००४-०५ मध्ये संघ चौथा आला, २००९ मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि बहुतेक वर्षी कमी पैशांत पहिल्या आठ-दहांत टिकून राहिला. करंडक मात्र एकही मिळाला नाही.

युनायटेडचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी मे २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि आपल्याच ग्लासगो शहरातल्या या माणसाचे नाव सुचवले. सहा वर्षांचा करार झाला. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. बाहेरून ही बढती दिसत होती. प्रत्यक्षात ती दुसऱ्या खात्यात झालेली बदली होती. एव्हर्टनमध्ये मॉयेस यांचे काम थोडक्यात भागवण्याचे होते. आपल्यापेक्षा बलाढ्य संघाला रोखायचे, एका गुणावर समाधान मानायचे, चाहत्यांच्या अपेक्षा जमिनीवर ठेवायच्या, हा तिथला रोजचा व्यवहार, आणि त्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. पण त्याच अकरा वर्षांत लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या मैदानांवर जाऊन त्यांनी लीगमधला एकही सामना जिंकला नव्हता, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. युनायटेडला आदल्याच मोसमात ११ गुणांच्या आघाडीने अजिंक्यपद मिळाले होते. तिथे बरोबरी हा पराभवच मानला जातो.

ही सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली. मार्च २०१४ मध्ये लिव्हरपूलचा संघ युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर यायचा होता, तेव्हा गुणतक्ता पाहता पाहुण्यांचेच पारडे जड आहे, असे ते बोलून गेले. मग सामना ०-३ ने गेला. त्याच महिन्यात मँचेस्टर सिटीकडून घरच्या मैदानावर तशीच हार पत्करल्यावर, त्या संघाच्या पातळीला पोहोचण्याचे आपले ध्येय आहे, असे त्यांनी सांगितले. एव्हर्टनच्या मॅनेजरच्या तोंडी ही वाक्ये प्रामाणिक वाटली असती. युनायटेडच्या मॅनेजरच्या तोंडून ऐकताना चाहत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरी चूक माणसांची होती. फर्ग्युसन यांचे सहायक माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील यांना निरोप देऊन मॉयेस यांनी स्टीव्ह राउंड, जिमी लम्सडेन आणि ख्रिस वुड्स ही एव्हर्टनची मंडळी सोबत आणली. नव्या सुनेने सासरी येताच माहेरचाच स्वयंपाकी बोलावून घ्यावा, तसा हा प्रकार झाला. हा टोमणा आम्ही उगाच मारत नाही, कारण प्रश्न खरोखरच खाण्यापर्यंत गेला होता : सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंना मिळणारे बटाट्याचे चिप्स त्यांनी बंद केले आणि पहिल्याच आठवड्यात कुरबुर सुरू झाली, असे संघातले बचावपटू रिओ फर्डिनंड यांनी नंतर सांगितले आहे. चिप्सने सामने हरत नाहीत, हे खरे. परंतु ज्यांच्या कपाटात अजिंक्यपदांची अर्धा डझन पदके पडलेली आहेत, ते खेळाडू स्वतः एकही मोठा करंडक न जिंकलेल्या माणसाचा साधा नियमही तोलूनमापून घेतात.

आपल्या कट्ट्यावर कधी पुन्हा वाद निघाला, तर ९ फेब्रुवारी २०१४ चा फुलहॅमविरुद्धचा सामना अवश्य काढावा. फुलहॅम तक्त्याच्या तळाशी होता. त्या दिवशी युनायटेडने दोन्ही बगलांतून ८० हून अधिक क्रॉस, म्हणजे कडेकडून गोलसमोर टाकलेले चेंडू, मारले. चेंडू उजवीकडे, तिथून उंचावून गोलपुढ्यात, बचावपटूच्या डोक्यावरून बाहेर, मग डावीकडे, पुन्हा उंचावून आत. दुपारभर हेच चालले होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत व्हॅन पर्सी आणि कॅरिक यांनी गोल करून आघाडी मिळवली, पण जादा वेळेत डॅरेन बेंटने बरोबरी साधली आणि सामना २-२ असा सुटला. इतक्या वेळा डोके आपण खालच्या लीगमध्ये खेळत असतानाच लावले होते, असे फुलहॅमचा सहा फूट सात इंची बचावपटू डॅन बर्न सामन्यानंतर म्हणाला. आणि समोरच्या बाकावर फुलहॅमचे प्रशिक्षक म्हणून कोण बसले होते? मॉयेस यांनी ज्यांना निरोप दिला तेच रेने म्यूलेनस्टीन.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. संघ म्हातारा झाला होता, हे खरेच आहे. मोसम सुरू झाला तेव्हा गिग्ज ३९ वर्षांचे, फर्डिनंड ३४, एव्हरा ३२ आणि विडिच ३१ वर्षांचे होते. फर्ग्युसन यांच्याबरोबरच मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले आणि एड वुडवर्ड नव्याने आले, म्हणजे खेळाडू विकत घेणाराही नवा आणि मागणाराही नवा. फेलायनी हा मॉयेस यांचाच जुना खेळाडू. २ कोटी ३५ लाख पौंडांत त्याला सोडण्याची अट त्याच्या करारात होती, तिची मुदत जुलैअखेर संपू दिली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खरेदीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्यासाठी २ कोटी ७५ लाख मोजले. एव्हर्टनमध्ये पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडावे, याचे नवल वाटते.

शेवट गुडिसन पार्कवर, म्हणजे त्यांच्याच जुन्या घरी झाला. २० एप्रिल २०१४ रोजी एव्हर्टनने युनायटेडला २-० असे हरवले. सामना चालू असताना यमदूताचा काळा झगा घातलेला एक प्रेक्षक मॉयेस यांच्या मागे उभा राहून कोयता परजत होता. दोन दिवसांनी त्यांना काढून टाकण्यात आले.

प्रश्न : फर्ग्युसन हेही अॅबर्डीनसारख्या छोट्या क्लबमधूनच आले होते. त्यांना जो वेळ मिळाला तो मॉयेस यांना का मिळू नये?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली तुलना रास्त आहे, पण दोघांच्या गाठोड्यात फार फरक होता. फर्ग्युसन यांनी अॅबर्डीनला तीन वेळा स्कॉटलंडचे अजिंक्यपद मिळवून दिले होते आणि १९८३ मध्ये गोथेनबर्ग येथे रेआल माद्रिदला २-१ असे हरवून युरोपातला कप विनर्स कपही जिंकला होता. छोट्या क्लबमध्ये राहून त्यांना मोठ्यांना रोखण्यापेक्षा पाडण्याची सवय लागली होती. शिवाय ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ते रुजू झाले तेव्हा युनायटेड २२ संघांत २१ वे होते, त्यामुळे आणखी खाली जायला जागाच फारशी नव्हती. तरीही पहिल्याच सामन्यात ऑक्सफर्डने त्यांना हरवले, १९८९ मध्ये सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला आणि १९९० मध्ये संघ तेरावा आला. त्याच वर्षी एफए कप जिंकल्याने पाय रोवायला जमीन मिळाली, पण लीगचे अजिंक्यपद १९९३ पर्यंत आले नाही.

वेळेचे म्हणाल, तर तो पैशावर ठरतो. १९९० मध्ये तेरावे येण्याची लाज वाटे, पण त्यापायी दिवाळे निघत नसे. मॉयेस यांच्या काळात चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेबाहेर राहणे म्हणजे कोट्यवधी पौंडांवर पाणी सोडणे होते, आणि क्लब २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेला होता. मॉयेस यांना काढल्याच्या दिवशी त्या शेअरचा भाव वधारला. एवढ्यात काय ते आले.

प्रश्न : असे उदाहरण आपल्या देशात आहे का?
(एक वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : आहे, आणि त्याचा धागा आपल्या गोव्यातूनच जातो. ऐझॉल एफसी हा मिझोरामचा क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खालच्या गटात गेला होता. परंतु साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. अनेक वर्षे मुंबई एफसीला सांभाळलेले खालिद जमील तिथे गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून, ऐझॉलने विजेतेपद पटकावले. लगोलग ईस्ट बंगालने जमील यांना कोलकात्याला नेले. ज्या क्लबला २००४ नंतर राष्ट्रीय लीग जिंकता आलेली नव्हती आणि जिथे मोहन बागानविरुद्धची डर्बी हरल्यावर आठवडाभर तोंड दाखवायची सोय नसते, तिथला मोसम चौथ्या क्रमांकावर आणि सुपर कपच्या अंतिम फेरीतल्या पराभवावर संपला. जमील यांना जावे लागले. जमील मात्र संपले नाहीत. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी आयएसएल (इंडियन सुपर लीग) च्या बाद फेरीत नेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

प्रश्न : मॅनेजर निघून गेल्यावर मागे राहिलेल्या छोट्या क्लबचे काय होते?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : करार चालू असेल तर आधी भरपाई मिळते, कारण क्लबच्या संमतीशिवाय त्याला नेता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने ग्रॅहम पॉटर आणि त्यांच्या सहायकांना ब्रायटनमधून उचलले, त्यासाठी २ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. ब्रायटन तेव्हा तक्त्यात चौथे होते. त्यांनी दहा दिवसांत रोबेर्तो दे झेर्बी यांना आणले, म्हणजे पर्यायांची यादी आधीपासून तयार असणार हे उघड आहे. मोसमाअखेर ब्रायटन सहावे आले आणि पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेला पात्र ठरले. पॉटर यांना मात्र चेल्सीने एप्रिलच्या सुरुवातीलाच काढले होते. एव्हर्टनचेही तसेच झाले. मॉयेस गेल्यानंतरच्या मोसमात रोबेर्तो मार्टिनेझ यांच्या हाताखाली तो संघ ७२ गुणांसह पाचवा आला, तर युनायटेड सातवे.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पॉटर चेल्सीला घेऊन ब्रायटनच्या मैदानावर गेले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची यथेच्छ हुर्यो उडवली. सामना ब्रायटनने ४-१ असा जिंकला. त्यातले दोन गोल चेल्सीच्या खेळाडूंनी स्वतःच्याच जाळ्यात मारलेले होते.