आठच्या दोन घे, सोळाची एक नको

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेमिंगसाठी पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जोडतोय. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि रॅमच्या चार स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड घेऊन झाला. ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला. आता रॅम राहिली. दुकानदार म्हणतो, सोळा जीबीची एकच स्टिक घे, दुसरी नंतर टाक. मित्र म्हणतो, लाइटवाली घे. ऑनलाइन सर्व्हरची जुनी रॅम फार स्वस्त दिसते. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझा दुकानदार फसवत नाहीये. ग्राफिक्स कार्ड असतं तर मीही कदाचित हेच सांगितलं असतं. पण तुझ्याकडे कार्ड नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ५६००जीच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या रॅममधूनच उसनवारी करतं. ३२०० स्पीडची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, दोन लावल्या की ५१.२. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून आठ-आठच्या दोन घे, एकाच पाकिटातल्या. नंतर आणलेली दुसरी स्टिक त्याच कंपनीची असली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, मग पूर्ण स्पीडला रुसते.

घेताना डीडीआर४ (तुझ्या बोर्डाला चालणारी रॅमची पिढी), ३२०० स्पीड आणि सीएल१६ एवढं बघ. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती वेळ ताटकळवते त्याचा आकडा, त्याच स्पीडला कमी तेवढा बरा. सीएल२२ थोडी स्वस्त मिळाली तर? त्याच स्पीडला सीएल१६ चा हिशेब १० नॅनोसेकंदांचा, सीएल२२ चा १३.७५. शे-दोनशेचा फरक असेल तर सीएल१६ च. डीडीआर५ कुणी स्वस्तात दिली तरी नको. खाच वेगळ्या जागी असते, तुझ्या बोर्डात बसणारच नाही. सर्व्हरची ती स्वस्त रॅम बहुतेक ‘रजिस्टर्ड’, म्हणजे सर्व्हरसाठीच्या वेगळ्या बनावटीची असते, तुझा बोर्ड तिच्यावर चालू होणार नाही. लाइटचे पैसे वाचव. गणपतीत रोषणाई करूच की.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. त्यामुळे साधी डेस्कटॉपची जुनी डीडीआर४ घ्यायला माझी ना नाही. रॅममध्ये फिरणारं, झिजणारं काही नसतं. फक्त परत घ्यायची बोली करून घे आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालव. एक जरी एरर आली तरी सकाळी परत.

आता बसवणं. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात शेजारी-शेजारी लावल्यास तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात, मग दोन स्टिकचे पैसे देऊन वेग एकीचाच. खाच जुळव आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाब, ‘कट्’ वाजेपर्यंत. जरा भीती वाटते एवढा जोर लागतो. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला डिस्प्लेच येईना, तेव्हा मी कॅबिनेट स्कूटरच्या पायाशी ठेवून पंचवटीतून एम. जी. रोडला दोन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला दुकानातल्या पोऱ्याने अंगठा ठेवला, कट् वाजलं आणि स्क्रीन उजळली. पैसे घेतले नाहीत त्याने, हसला मात्र भरपूर.

शेवटचं काम लोक हमखास विसरतात. सीएल१६ वाली ३२०० ची रॅम लावली तरी बोर्ड तिला बहुतेक मुकाट २१३३ किंवा २४०० वर चालवतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं, तेव्हा रॅम पाकिटावरच्या स्पीडला चालते. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. माझा भाचा आठ महिने २१३३ वर खेळत होता आणि शिव्या इंटरनेटला देत होता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो, तिथे खात्री कर. एक्सएमपी लावल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळीच राहील, मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होईल. तेव्हा घाबरून बटण दाबू नकोस, चहा टाकून ये.