वाचकांचे प्रश्न : शेलीचा राजा आणि त्रिरश्मीचा डोंगर

प्रश्न : बाई, माझी मुलगी एफ.वाय.ला आहे. तिला इंग्रजी कवी शेलीची 'ओझिमँडियस' ही कविता आहे. वाळवंटात राजाचा फुटका पुतळा, खाली गर्वाचा लेख आणि भोवती नुसती वाळू. सगळं नाशवंत आहे, हे तर आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. मग या कवितेत निराळं काय? शिवाय राजाचं नाव राहिलंच की!
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : कीर्तनातलं नाशवंतपण तुम्हाआम्हाला उद्देशून असतं. देह जाईल, धन जाईल, तेव्हा नाम घ्या. शेलीचा रोख आपल्यावर नाहीच. तो गादीवर बसलेल्यांना ऐकवतो आहे. ही कविता ११ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या 'एक्झॅमिनर' साप्ताहिकात छापून आली. वॉटर्लूची लढाई होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता आणि युरोपातले जुने राजे आपापल्या गाद्यांवर परतले होते.

नेपोलियन पडला तेव्हा शेलीला आनंद व्हायला हवा होता, कारण त्याला तो जुलमी वाटे. पण १८१६ साली छापलेल्या एका सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, तो म्हणतो, की बळ आणि कपट यांहूनही मोठे शत्रू आहेत : जुनी रूढी, कायद्याने केलेला गुन्हा आणि रक्ताने माखलेली श्रद्धा. एक माणूस पडला म्हणून जुलूम पडत नाही, हे त्याला विशीतच कळलं होतं. म्हणून मी या कवितेला वैराग्याची कविता म्हणू देत नाही. वर्गातही कधी म्हणू दिलं नाही.

आता नावाचं. ओझिमँडियस म्हणजे इजिप्तचा दुसरा रामसेस, इ.स.पूर्व १२७९ ते १२१३ इतका काळ राज्य केलेला. त्याचं नाव राहिलं हे खरं, पण त्या नावाने जे काम करायचं होतं ते संपलं. 'माझी कामं बघा आणि हताश व्हा' असं तो इतर बलाढ्यांना बजावतो, आणि बघायला काहीच नाही. त्याचं हे वाक्यसुद्धा थेट ऐकू येत नाही. आधी कवी बोलतो, मग त्याला भेटलेला प्रवासी, आणि त्या प्रवाशाने लेख वाचून दाखवला तरच राजा बोलतो. मधल्या ओळींत एक बिननावाचा शिल्पकार आहे. राजाच्या ओठांवरची तुच्छता त्याने नेमकी ओळखली आणि दगडात उतरवली. हुकूम राजाचा होता, पण शेवटी साक्ष राहिली ती त्याच्या पदरी काम करणाऱ्याची. माझ्या मते कवितेचा जीव तिथे आहे.

शेलीने ही कविता होरेस स्मिथ या मित्राशी पैजेने लिहिली. स्मिथचं त्याच विषयावरचं सुनीत काही आठवड्यांत त्याच साप्ताहिकात आलं. काव्य म्हणून ते डावं आहे, पण त्यात एक धाडस आहे : एके काळी जिथे लंडन होतं त्या रानात लांडग्यामागे धावणारा शिकारी थबकतो, एक प्रचंड अवशेष बघतो आणि इथे कोण राहत होतं याचा अंदाज बांधत बसतो. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. त्याच १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. लंडनची सत्ता इथे वाढत होती, तेव्हा लंडनमधलाच एक कवी लंडनचं रान झालेलं लिहीत होता.

आणि तुम्हाला इजिप्तपर्यंत जायची गरजच नाही. सिडकोतून त्रिरश्मीच्या डोंगरावरची पांडवलेणी किती लांब! दहाव्या लेण्यात इथल्या एका जुन्या राजाचा, नहपान क्षत्रपाचा, जावई उषवदात आपल्या दानांची लांबलचक यादी कोरून गेला आहे. तिसऱ्या लेण्यात नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, हुकूम आहे. विजयी छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की आजवर उषवदाताने उपभोगलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. राज्य गेल्याची अशी कोरडी नोंद मला कुठल्याही शोकगीतापेक्षा जास्त हलवते. आजचा तलाठी फेरफार लिहितो तसंच ते आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली, त्यावर जिंकणाऱ्याच्या खुणा.

तो जिंकणाराही गेला. त्याच तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री नातवाच्या राज्यात, मुलाच्या माघारी, त्याची थोरवी सांगते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती लिहवते. हा लेख गर्वाचा आहेच, पण बोलणारी मुलगा गमावलेली आई आहे. ओझिमँडियसच्या लेखावर हसता येतं, या लेखावर मला हसता येत नाही. शेलीच्या कवितेत ही बाजू नाही. कवितेत राजा एकटा आहे, त्याला आई नाही.

मुलीला परीक्षेत 'सत्ता क्षणभंगुर आहे' एवढंच लिहून थांबू देऊ नका. शिल्पकाराच्या ओळी तिने उद्धृत कराव्यात, स्मिथचं सुनीत शेजारी ठेवावं आणि १८१८ हे साल उत्तरात कुठेतरी यावं. लेण्यांवर सकाळीच जा. पायऱ्या चढताना ऊन लागतं, आणि दुपारी तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गर्दीमुळे भिंतीजवळ उभंही राहता येत नाही.