गावची एसटीची एक फेरी बंद झाली तर मुलामुलींना एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, मुलींना तर जास्तच. मुलगा कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसून तालुक्याला जातो. मुलीला घरचे तसं जाऊ देत नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. २०२१-२२ च्या संपात हे सगळ्यांनी पाहिलं.

आणि प्रश्न फक्त शाळेचा नाही. आमच्या फाट्यावर वडाच्या पारावर मुली सकाळी साडेसहापासून गाडीची वाट बघत बसतात. वह्यांची अदलाबदल, केसांना रिबन बांधणं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिथेच. गावात मुलींना निवांत बसायला दुसरी जागा आहे कुठे? ग्रामसभेचा ठराव घ्या आणि आगार व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या. शाळा सुटायची वेळ त्यात नक्की लिहा.