‘अहो, या शाळेत अभ्यासच नाही!’

“ताई, ही कसली शाळा? सारखी पीटी, मधेच स्वयंपाकाचा तास, आणि शुक्रवारी दुपारी पोरगं घरी!” स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेले मराठी आईवडील मुलांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात, आणि त्यांची ही तक्रार मला पाठ झाली आहे. पुण्याहून ऑगस्टमध्ये एडिनबराला आलेल्या एका जोडप्याचंही हेच म्हणणं होतं. मुलगा तेरा वर्षांचा, एस-टूमध्ये, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षात. आपण त्याला ओजस म्हणू. घरी आला की खोलीचं दार लावून घ्यायचा. विचारलं तर एकच उत्तर, “ठीक होतं.” वडिलांचं निदान तयार होतं: अभ्यासाचा ताण नाही म्हणून सुस्तावलाय. उपायही सुरू झाला होता. रोज संध्याकाळी बालभारतीचं गणित, आणि शुक्रवारी मोकळाच असतो म्हणून अख्खी दुपार.

मी ओजसला त्याचं शाळेचं वेळापत्रक आणि तीन स्केचपेनं दिली. बरा जातो तो तास हिरवा, कंटाळवाणा तो पिवळा, नकोसा तो लाल. दुसरी प्रत आईवडिलांना, अंदाजाने रंगवायला. या वयाच्या मुलाला “काय झालंय?” विचारलं की तो खांदे उडवतो, कागदावर मात्र फारसं लपवत नाही.

गणित पिवळं निघालं. होम इकॉनॉमिक्स, म्हणजे तोच स्वयंपाकाचा तास, गडद हिरवं. आई बघतच राहिली, “घरी चहाचा कप विसळत नाही हा!” कांदा बारीक चिरायला तो तिथेच शिकला होता, आणि सूप करायचं असलं की गटातली पोरं सुरी त्याच्याकडे सरकवायची. लाल होते ते जेवणाच्या सुट्टीचे चौकोन आणि गुरुवारचा पीईचा, म्हणजे आपल्या पीटीचा, तास. सुट्टीचे चौकोन आईवडिलांनी कोरेच सोडले होते. तो काही तास नाही ना!

गुरुवारचं प्रकरण असं. डिसेंबर आला की इथल्या बऱ्याच शाळांत पीईच्या तासाला ‘केली’चे, म्हणजे स्कॉटिश लोकनृत्याच्या मैफलीचे, नाच शिकवतात: गे गॉर्डन्स, स्ट्रिप द विलो. ख्रिसमसच्या कार्यक्रमाची तयारी. एका भिंतीला मुलगे, समोरच्या भिंतीला मुली, आणि सर म्हणतात, जोड्या लावा. तेराव्या वर्षी याने कुणालाही घाम फुटेल. “शेवटी मीच उरतो,” ओजस म्हणाला, “मग सर स्वतः माझा हात धरतात.”

“शुक्रवारी बाकीचे काय करतात?” मी विचारलं.

“बसने कुठेतरी जातात. चिप्स खातात, मीठ आणि सॉस घालून.” (एडिनबराची खासियत. आणि 2022 पासून स्कॉटलंडमध्ये 22 वर्षांखालच्यांना बस फुकट आहे, त्यामुळे खिशात पैसे नसले तरी अडत नाही.)

“तुला नाही बोलवत?”

“आधी बोलवायचे. मी म्हणायचो, मला गणित आहे.”

वडील खाली बघत राहिले. त्यांची भीती खोटी नाही, हे मी त्यांना सांगितलं. इथे एस-थ्री संपेपर्यंत बहुतेक विषय थोडेथोडे असतात, बोर्डाची परीक्षा नाही. एस-फोरला नॅशनल फाइव्ह ही बोर्डाची परीक्षा, एस-फाइव्हला हायर ही त्यापुढची. मात्र हायरच्या गणितात कलन (कॅल्क्युलस) येतं, आणि तो सगळा अभ्यासक्रम ऑगस्ट ते मे एवढ्यातच उरकायचा असतो. म्हणजे सुरुवात संथ आणि पुढे चढण एकदम उभी. दहावीच्या आत भारतात परतायचं नक्की असेल तर बालभारती जरूर चालू ठेवा, पण तसं आहे का? नव्हतं. मग शिकवणी रविवारी सकाळी घ्या आणि शुक्रवारची दुपार त्याला परत द्या, एवढंच मी मागितलं. वडिलांनी घासाघीस करून बुधवारची संध्याकाळही मिळवली.

दुसरं काम आईकडे दिलं: गायडन्स टीचरला ईमेल. प्रत्येक मुलामागे असे एक शिक्षक नेमलेले असतात. मुलाचं मन, मित्र, हजेरी हे सगळं त्यांच्या कामातच येतं. आपल्याकडे शाळेला काही कळवायचं म्हणजे तक्रार, म्हणून पालकसभेची वाट बघत बसतात, आणि तिथे एकेका शिक्षकापाशी जेमतेम पाच मिनिटं मिळतात. कळवा, लगेच कळवा. माध्यमिक शाळांत समुपदेशकही असतात. त्यांच्याकडे जायचं म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असं इथे कुणी समजत नाही.

ईमेलचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पुढच्या गुरुवारी डॅशिंग व्हाइट सार्जंट शिकवला. हा नाच तिघातिघांचा असतो, त्यामुळे जोडी लावायचा प्रश्नच मिटला. ओजस सूपच्या गटातल्या दोघांबरोबर उभा राहिला.

शुक्रवारी तो आता साडेचारला येतो, व्हिनेगरसारखा वास घेऊन. खोलीचं दार अजून लागतंच, पण तेरा वर्षांच्या पोराचं दार लागणारच. पुढचा वाद मात्र ठरलेला आहे: येत्या वसंतात एस-थ्रीचे विषय निवडायचे आहेत. वडिलांना तिन्ही विज्ञानं हवी आहेत, ओजसला होम इकॉनॉमिक्स. त्यासाठी त्यांनी माझी वेळ आत्ताच घेऊन ठेवली आहे.